जर्मन शिकण्यासाठी डिजिटल खेळांचा उपयोग कितपत होतो?

अंबडकर

नमस्कार. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात नोकरी करते. जर्मनीत परिचारिका म्हणून जायचे तिने ठरवले असून गोएथे इन्स्टिट्यूटची ए2 परीक्षा ती पुण्याला जाऊन उत्तीर्णही झाली आहे (भाषेच्या पातळ्या ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत जातात). सध्या बी1 ची तयारी चालू आहे. त्यानंतर बी2 करावीच लागेल, कारण तिकडे परिचारिकेच्या शिक्षणाला मान्यता मिळवताना साधारणपणे त्या पातळीचे जर्मन मागतात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत जर्मनची पुस्तके दिसू लागली आहेत. त्यामुळे माझा प्रश्न इतरांच्याही उपयोगाचा ठरेल असे वाटते.

मुलगी मोबाईलवर ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारे ॲप नियमाने करते. ड्यूटीला जाताना बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत तिचे ते चालूच असते, आणि रोजची साखळी तुटू नये म्हणून ती रात्रपाळीतही दोन धडे उरकते. मात्र ऑनलाइन क्लासमध्ये बाईंनी साधा प्रश्न विचारला, तरी ती गप्प होते. शब्द माहीत असतात, वाक्य मात्र तोंडातून बाहेर पडत नाही. तिचा धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याचा बराचसा वेळ गेम खेळण्यात जातो. त्याचे म्हणणे असे की, असल्या ॲपचा काही उपयोग नाही; ताईने खरे गेम जर्मन भाषेत लावून खेळावेत, म्हणजे भाषा आपोआप येईल. हे त्याच्या सोयीचे तत्त्वज्ञान आहे, हे मला कळते. तरीही त्यात काही तथ्य असेल, तर ते नाकारण्याची माझी इच्छा नाही.

खेळांमधून परकी भाषा खरोखर शिकता येते का, येत असल्यास तिचे कोणते अंग सुधारते, आणि आठवड्यातून मोजकेच तास हाताशी असलेल्या मुलीने त्यांतील किती वेळ यावर घालवावा, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

कॉलेजरोडची जर्मन शिक्षिका

अंबडकर, आपल्या मुलीचे जे होत आहे, ते माझ्या वर्गातील बहुतेकांचे होते. त्याचे कारण त्या ॲपच्या घडणीत आहे. ड्युओलिंगो 2012 साली सर्वांसाठी खुले झाले. गुण, साप्ताहिक चुरस, न तुटणारी साखळी हे सारे त्याने खेळांच्या जगातून उचलले, पण प्रत्यक्ष अभ्यास बराचसा जुन्याच पद्धतीचा राहिला: दिलेले शब्द क्रमाने लावणे, चित्राशी शब्द जुळवणे, ऐकलेले टंकणे. बहुतेक ठिकाणी उत्तराचे तुकडे पडद्यावरच असतात आणि शिकणाऱ्याने ते ओळखायचे असतात. ओळखणे वेगळे आणि रिकाम्या मनातून शब्द उपसून काढणे वेगळे. पहिल्याचा सराव हजार वेळा केला, तरी दुसरे त्यातून फारसे येत नाही. शब्द ठरावीक अंतराने पुन्हा समोर आणण्याचा भाग मात्र चांगला आहे. हेर्मान एबिंगहाउस याने विस्मरणाचा वेग 1885 मध्येच मोजून दाखवला होता आणि आजच्या ॲपमधील उजळणीच्या वेळापत्रकांमागे तोच विचार आहे. तेव्हा बसमधला तो वेळ वाया जात नाही, फक्त त्याला बोलण्याचा सराव समजू नये.

आता आपल्या चिरंजीवांच्या म्हणण्याकडे वळते. शिकवण्यासाठी न बनवलेल्या खेळांतूनही भाषा येते, पण खेळ पुढे नेण्यासाठी ती जितकी लागते तितकीच येते. गाडी पळवायला, चेंडू टोलवायला किंवा शत्रूवर गोळ्या झाडायला क्रियापदाचे रूप लागत नाही. तिथे भाषा जर्मन केली काय आणि चिनी केली काय, बाण दिसला की मुले त्या दिशेने धावतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी एक साधी कसोटी सांगते: पडद्यावरचा मजकूर हाताने झाकून खेळ पुढे नेता येत असेल, तर तो खेळ करमणुकीसाठी खुशाल खेळावा, अभ्यासाच्या वेळेत धरू नये. कोणी कोणाला काय सांगितले हे समजल्याशिवाय दार उघडत नाही, असे गोष्टींचे आणि कोड्यांचे खेळ या कसोटीला उतरतात.

दुसरा प्रश्न पातळीचा. मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा, तर त्यातील सुमारे 98 टक्के शब्द आधीच ठाऊक असावे लागतात, असे हू आणि नेशन यांच्या 2000 सालच्या संशोधनात दिसून आले. ए2 उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला मूळ जर्मनांसाठी लिहिलेल्या खेळात ही अवस्था येत नाही. हॅम्बुर्गच्या डेडालिक कंपनीचा 2012 चा 'डेपोनिया' हा साहसखेळ मूळ जर्मनमध्ये लिहिलेला आणि संवादांनी भरलेला आहे. पण त्यातील टोमणे आणि शब्दांवरच्या कोट्या बी2 च्या पुढच्या विद्यार्थ्यांनाही दमवतात. आपल्या मुलीला सध्या तो देऊ नये. गोएथे इन्स्टिट्यूटने खास शिकणाऱ्यांसाठी 'लेर्नआबेनटॉयर डॉइच' नावाचे साहसखेळ काढले होते, त्यांतील भाषा तुलनेने आटोक्यातली आहे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची 'निकोस वेग' ही ए1 ते बी1 पर्यंतची मोफत चित्रफीतमालिका काटेकोर अर्थाने खेळ नव्हे, पण गोष्ट आणि लगेच सोडवायचे छोटे प्रश्न यांची सांगड तिच्यात चांगली घातली आहे.

तथापि, आपल्या मुलीची खरी अडचण बोलण्याची आहे आणि तिच्यासाठी मी एकच खेळ आग्रहाने सुचवीन. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हा 2015 साली आलेला खेळ आहे. एका खेळाडूला पडद्यावर बॉम्ब दिसतो, पण तो निकामी कसा करायचा हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्याच्या हातात छापील मार्गदर्शिका असते, पण बॉम्ब पाहण्याची त्याला परवानगी नसते. पहिल्या बॉम्बसाठी पाच मिनिटे मिळतात. खेळाची प्रत एकच पुरते आणि मार्गदर्शिका संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येते. तिचे जर्मन भाषांतरही उपलब्ध आहे.

माझ्या वर्गात हा खेळ लावला की, काय घडते ते सविस्तर सांगते, कारण मुद्दा तिथेच आहे. पडद्यासमोर बसलेला मुलगा सांगतो की, तीन तारा आहेत, एक निळी आणि दोन काळ्या. मार्गदर्शिका घेऊन पाठमोरी बसलेली मुलगी नियम वाचते: तीन तारांमध्ये लाल तार एकही नसेल, तर दुसरी तार कापावी. जर्मनमध्ये हा नियम 'वेन'ने, म्हणजे 'जर'ने सुरू होतो आणि त्या उपवाक्याचे क्रियापद शेवटी जाते. ती तो मनातल्या मनात वाचते, पण मोठ्याने मात्र तिला प्रश्न विचारावा लागतो, 'लाल आहे का?', आणि उत्तर आल्यावर आज्ञार्थ वापरावा लागतो, 'दुसरी काप'. म्हणजे एकाच नियमातून नकार, क्रमवाचक विशेषण, त्याचा प्रत्यय आणि आज्ञार्थ असे सगळे घड्याळाच्या टिकटिकीत तोंडातून काढावे लागते. पुढच्या भागात चित्रविचित्र चिन्हांची बटणे असतात, ज्यांना कोणत्याच भाषेत धड नाव नाही. तिथे 'उलटा सी, पोटात ठिपका' असे वर्णन करूनच निभावून न्यावे लागते. शब्द आठवला नाही की, गप्प बसायचे, ही आपल्या मुलांची सवय इथे मोडते, कारण गप्प बसले की बॉम्ब फुटतो. प्रत्ययांच्या चुका होतातच, पण त्या क्षणी मी कोणालाही टोकत नाही. त्या टिपून ठेवते आणि नंतर फळ्यावर घेते.

बी1 च्या तोंडी परीक्षेत दोन उमेदवारांना एकत्र बसवून पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचे असते. समोरच्याचे ऐकून त्यावर लगेच बोलण्याची हीच कसरत तिथे करावी लागते.

सातपूरचा गेमर

काका, नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅडमनी सांगितलेल्या गोष्टींत तांत्रिक बाजूची थोडी भर घालतो, कारण बहुतेकांचे गाडे सेटिंगपाशीच अडते.

स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या पानावर भाषांचा एक तक्ता असतो आणि त्यात इंटरफेस, पूर्ण आवाज आणि सबटायटल्स असे तीन वेगळे रकाने असतात. जर्मनपुढे पहिल्याच रकान्यात खूण असेल, तर फक्त मेनू जर्मन होईल आणि पात्रे इंग्रजीच बोलतील. ऐकण्याचा सराव हवा असेल, तर मधल्या रकान्यात खूण आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. गेमची भाषा लायब्ररीत त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन बदलता येते आणि आवाजाच्या फायली पुष्कळदा वेगळ्या डाउनलोड होतात, त्यामुळे घरच्या वायफायवरच हे करावे. सबटायटल्सही जर्मनच ठेवावीत. आवाज जर्मन आणि अक्षरे इंग्रजी असली, तर डोळे इंग्रजी वाचतात आणि कान मोकळे सुटतात.

फक्त मोबाईलच हाताशी असेल, तर अख्ख्या फोनची भाषा बदलू नये. 2022 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक ॲपची भाषा स्वतंत्रपणे ठेवण्याची सोय आहे. ज्या ॲपने ती दिली आहे तिथे ती जरूर वापरावी. आपली लेक रुग्णालयात काम करते. ऐन ड्यूटीवर फोन जर्मनमध्ये बोलू लागला, तर पंचाईत व्हायची.

मी स्वतः माइनक्राफ्ट जर्मनमध्ये खेळतो आणि त्यातून मला एक फायदा झाला, जो क्लासमध्ये इतक्या लवकर झाला नसता. तिथे वस्तूंची नावे जोडशब्दांची असतात. 'आयझनश्पिट्सहाकं' म्हणजे लोखंडी कुदळ. लाकडी, दगडी, लोखंडी असे पुढचे शब्द बदलत राहतात आणि शेवटचे 'हाकं' तसेच राहते. जर्मन जोडशब्दाचे लिंग शेवटच्या शब्दावरून ठरते, हा नियम त्यामुळे पाठ करावा लागला नाही, हातात बसला. अर्थात, ताईंना वॉर्डमध्ये कुदळ लागणार नाही, हे मान्य. त्यांच्यासाठी मी 'स्टारड्यू व्हॅली' सुचवीन. त्यात शेती आहे, गावातले लोक रोज दोन वाक्ये बोलतात, घाई नसते आणि संवाद नुसते वाचायचे असल्यामुळे एखाद्या वाक्यावर हवा तितका वेळ थांबता येते. रात्रपाळीनंतर डोके शिणलेले असताना वेळेशी शर्यत लावणाऱ्या खेळापेक्षा हे बरे.

ऑनलाइन जर्मन सर्व्हरवर अनोळखी लोकांशी बोलून भाषा सुधारते, असे बरेच जण सांगतात. मी तिथे जे ऐकले आहे, त्यातले निम्मे परीक्षेत लिहिले, तर परीक्षक घरी पाठवतील. ओळखीच्या मित्रमैत्रिणींबरोबर व्हॉइस चॅटवर खेळणे केव्हाही चांगले. घरात लहान मुले असतील, तर जर्मन खेळांवर यूएसके या संस्थेची 0, 6, 12, 16, 18 अशी वयाची खूण असते, तीही पाहावी.

ओझरकर

अंबडकरसाहेब, वरील दोन्ही उत्तरे वाचली. माझे मत थोडे वेगळे आहे, ते मांडतो. ओझरला 1964 साली मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि पुढे त्यातच माझी नोकरी झाली. आमच्या पिढीतील अनेक जण कामापुरते रशियन शिकले. आमच्यापुढे तांत्रिक पुस्तिका होत्या, शब्दकोश होता आणि विभक्तींचे तक्ते होते. संध्याकाळी रशियन पाहुण्यांबरोबर बुद्धिबळाचे डावही होत, पण त्या डावात किती रशियन बोलले जाई, हे विचाराल तर फारच थोडे. चांगला खेळाडू डावात बोलतच नाही.

म्हणून माझी शंका अशी की, खेळणाऱ्याचे सगळे लक्ष जिंकण्याकडे असते. भाषेकडे पाहायला त्याला फुरसत कुठली? मॅडमच्या वर्गात बॉम्ब फुटू नये म्हणून मुले दोन-तीन तुटक शब्दांत काम भागवत नसतील काय? 'लाल नाही, दुसरी, काप' एवढ्यावरही बॉम्ब निकामी होतच असणार. ज्या मुलीला उद्या आजारी माणसाला औषध द्यायचे आहे, तिने वही-पेन घेऊन बसावे आणि व्याकरण पक्के करावे, असे मला वाटते.

कॉलेजरोडची जर्मन शिक्षिका

ओझरकरसाहेब, आपली शंका रास्त आहे आणि संशोधकांनीही ती तपासली आहे. जपानमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात 80 विद्यार्थ्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकाला इंग्रजी गाण्यावर बेतलेला खेळ खेळायला दिला आणि दुसऱ्याने तोच खेळ नुसता पाहिला. नंतर शब्द किती आठवतात हे तपासले, तेव्हा पाहणाऱ्यांना खेळणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त शब्द आठवले. बटणे वेळेवर दाबण्यातच खेळणाऱ्यांचे लक्ष खर्च झाले होते. तो तालावर चालणारा, हातघाईचा खेळ होता, म्हणून हा निष्कर्ष सगळ्या खेळांना सरसकट लावता येणार नाही. तरीसुद्धा आपल्या म्हणण्याला त्यातून पुष्टी मिळते, हे मी मान्य करते.

अंबडकर, आपल्या घरी मात्र यातून सोपा मार्ग निघतो. चिरंजीवांना खेळायला आवडतेच, तर नियंत्रण त्यांच्या हाती द्यावे आणि गोष्टीचा खेळ लावून मुलीने शेजारी बसून संवाद वाचावेत, ऐकावेत आणि पुढे काय करायचे ते जर्मनमध्ये सांगावे. एकाचे हात आणि दुसरीचे डोळे-कान अशी कामाची वाटणी झाली, तर लक्ष विभागले जात नाही. भावालाही थोडे जर्मन आले, तर बिघडले कुठे?

तुटक शब्दांबद्दल सांगायचे, तर पहिल्या फेरीत मुले तसेच बोलतात, हे अगदी खरे आहे. दुसऱ्या फेरीपासून मी एक नियम घालते: पूर्ण वाक्यात न सांगितलेली सूचना पडद्यासमोरच्याने पाळायची नाही. हा नियम खेळाने घातलेला नाही, शिक्षकाने घालायचा आहे. उत्तर युरोपातले एक उदाहरण नेहमी दिले जाते. स्वीडनमधील 11-12 वर्षांच्या मुलांवरील 2012 च्या अभ्यासात, आठवड्याला पाच तास किंवा त्याहून जास्त वेळ खेळणाऱ्या मुलांचे इंग्रजी सर्वांत चांगले आढळले. मात्र तेथील मुलांना शाळेत इंग्रजी असते, टीव्हीवर इंग्रजी असते आणि खेळातील सोबतीही इंग्रजी बोलणारे असतात. नाशिकमधील मुलीला जर्मन असे चहूबाजूंनी भेटत नाही, म्हणून तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा आणू नये. व्याकरणासाठी वही हवीच, त्याबद्दल आपल्याशी माझा वाद नाही.

सिन्नरची लेक, मुक्काम स्टुटगार्ट

काका, मी मूळची सिन्नरची आहे आणि सध्या स्टुटगार्टजवळ एका रुग्णालयात काम करते. ताईंच्या जागी मीही होते, म्हणून वॉर्डमध्ये प्रत्यक्ष कोणती भाषा लागते, ते आधी सांगते. सकाळी पाळी बदलताना मागच्या पाळीची सिस्टर प्रत्येक रुग्णाची माहिती भराभर तोंडी देते. ती ऐकता ऐकता टिपून घ्यावी लागते. त्यानंतर दिवसभराच्या नोंदी संगणकात लिहाव्या लागतात. सर्वांत कठीण काम म्हणजे फोन घेणे, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. शिवाय या भागातले वयस्कर रुग्ण श्वेबिश बोलीत बोलतात, जी कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. दुखणे, मलमपट्टी, रक्तदाब, लघवीची पिशवी हे शब्द मला कोणत्याही खेळात सापडले नाहीत. ते मी अंकी या मोफत ॲपमध्ये स्वतः शब्दांचे पत्ते (फ्लॅशकार्ड) बनवून पाठ केले. प्रत्येक पत्त्यावर शब्द, त्याचे डेर-डी-डास (म्हणजे लिंग) आणि रुग्णाला म्हणायचे एक पूर्ण वाक्य असे लिहीत असे. दुसऱ्यांनी बनवलेले पत्ते आयते मिळतात, पण ते तितके लक्षात राहत नाहीत.

खेळांबाबत एक सावधगिरीची गोष्ट सांगते, ती फारसे कोणी सांगत नाही. खेळांतली पात्रे खेळाडूला 'डू' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे अरे-तुरे. महिनोन्महिने तेच कानावर पडले की, जिभेला त्याचीच सवय लागते. इथे सहकारी आपसांत 'डू' म्हणतात, त्यामुळे ते यायला हवेच. रुग्णाला मात्र 'झी'नेच, म्हणजे आदरार्थी 'आपण'नेच संबोधायचे असते आणि त्याबरोबर क्रियापदही बदलते. ऐंशी वर्षांच्या आजोबांना 'ए, हात वर कर' म्हटले, तर ते काही बोलणार नाहीत, पण त्यांना काय वाटेल याची कल्पना करा. म्हणून खेळात ऐकलेले प्रत्येक आज्ञार्थी वाक्य 'झी'मध्ये बदलून म्हणण्याचा सराव ताईंनी तिथूनच ठेवावा. मॅडमच्या बॉम्बच्या खेळातही दोघांनी एकमेकांना 'झी' म्हणायचे ठरवले, तर हा सराव आपोआप होईल.

खेळांचा मला खरा उपयोग झाला तो इथे येऊन माणसे जोडताना. जर्मनीत पटावरच्या खेळांचे मोठे वेड आहे. 'श्पील डेस यारेस' म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार तिथे 1979 पासून दिला जातो. क्लाउस टॉयबर यांचा 'कटान' हा खेळ 1995 सालचा, आणि त्याच वर्षी त्याला हा पुरस्कार मिळाला. तो इथे जवळजवळ प्रत्येक घरात दिसतो. सहकारी संध्याकाळी खेळायला बोलावतात आणि तिथे नुसते बसून चालत नाही, कारण कटानमध्ये देवघेव केल्याशिवाय कोणी जिंकत नाही. 'माझ्याकडे दोन लाकडे आहेत, तू मला एक मेंढी देशील का?' एवढे वाक्य येत असले, तरी सुरुवात होते आणि मग घासाघीस सुरू होते. रविवार कारंजावर भाजी घेताना आपण जे करतो, तेच इथे जर्मनमध्ये करायचे. या खेळाची डिजिटल आवृत्ती जर्मनमध्ये मिळते. नाशिकला असताना मी आणि बी1 च्या वर्गातील दोन मैत्रिणी ती फोन लावून खेळत असू, आणि सौदा जर्मनमध्येच करायचा असा आमचा नियम होता. खेळात बटण दाबूनही देवघेव होते, पण बटण दाबण्याआधी तोंडाने पटवायचे.

वेळेबद्दल विचारलेत म्हणून सांगते: मी खेळ सुट्टीच्या दिवसासाठी ठेवला होता. बी1 च्या लेखी भागात तासाभरात तीन मजकूर लिहावे लागतात, आणि त्याचा सराव लिहूनच होतो.

अंबडकर

सर्वांचे मनापासून आभार. हे उत्तर मी मुलीला आणि चिरंजीवांना शेजारी बसवूनच लिहीत आहे. आता असे ठरले आहे की, बसमधले ॲप आहे तसेच चालू ठेवायचे, वॉर्डच्या शब्दांसाठी सिन्नरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे स्वतः पत्ते बनवायचे, आणि आठवड्यातील तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघा भावंडांनी बॉम्बचा खेळ 'झी' वापरून खेळायचा. चिरंजीव पडद्यासमोर बसतील. त्यांचे जर्मन आकडे आणि रंगांपलीकडे गेलेले नाही, त्यामुळे पहिले काही बॉम्ब फुटणार, हे घरात सर्वांनी मान्य केले आहे. ओझरकरसाहेब, वही-पेनाचे आपले म्हणणे तिने आधीच मान्य केले आहे. ती रोज एक उतारा लिहून क्लासच्या बाईंना पाठवते.

एक लहानशी शंका राहते. खेळ सुरू करताना पडद्यावर मार्गदर्शिकेचा एक पडताळणी क्रमांक दिसतो. इंग्रजी आणि जर्मन मार्गदर्शिकांचे क्रमांक निराळे असतात का? सीबीएसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे छापायला देण्यापूर्वी खात्री करून घ्यावी म्हणतो.

कॉलेजरोडची जर्मन शिक्षिका

क्रमांक 241 असतो आणि भाषांतरित मार्गदर्शिकेवरही तोच असतो. आपण उतरवलेल्या प्रतीच्या पहिल्या पानावर तो आहे, एवढे पाहून घ्यावे. सगळी पाने एकदम छापू नयेत. पहिल्या बॉम्बमध्ये तारा, एक मोठे बटण आणि चिन्हांची बटणे एवढेच भाग असतात, त्यामुळे सुरुवातीला तेवढीच पाने पुरतात. छापताना एका बाजूलाच छापावे. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मुलीला अडलेले शब्द लिहिता येतात आणि पुढच्या खेपेला ते तिच्या हातातच असतात.